पाय पुन्हा पुन्हा मुरगळतोय? घोट्याला तोल शिकवा!

पाय मुरगळायला काही डोंगर चढावा लागत नाही. जिना संपला असं वाटून टाकलेलं पाऊल, लग्नाच्या लॉनवर गवतात रुतलेली हील, रिक्षातून उतरताना नेमका खड्ड्यात पडलेला पाय, पावसात सैल झालेला पेव्हर ब्लॉक, रात्री अंधारात पायाखाली आलेली मुलाची खेळण्यातली गाडी... एवढं पुरतं. पाऊल क्षणात आतल्या बाजूला वळतं, घोट्यातून जीवघेणी कळ येते आणि तोंडातून आपोआप "आई गं!" निघतं. आजूबाजूचे लगेच विचारतात, "हाड नाही ना मोडलं?" नाही म्हटलं की सगळे निर्धास्त. "मग काय, मुरगळलाय फक्त. दोन दिवसांत होईल बरा."

खरी गडबड या 'फक्त'मध्ये आहे. पाय मुरगळण्याचा सगळ्यात मोठा धोका कोणाला असतो, तर ज्याचा पाय आधी एकदा मुरगळलेला आहे त्याला. तुमच्याही ओळखीत कोणीतरी असेलच, "माझा उजवा पाय ना, वर्षातून दोनदा तरी मुरगळतोच," असं अगदी सहज सांगणारी. ती पावसाळ्यात बाहेर जाणं टाळते, जिना उतरताना कठडा सोडत नाही, गरब्याला गेली तरी खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. हे तिचं नशीब नाही आणि तिची हाडं 'नाजूक' आहेत असंही नाही. बहुतेक वेळा तिचा पहिल्यांदा मुरगळलेला घोटा पुरता बरा झालेलाच नसतो.

आनंदाची गोष्ट अशी, की घोट्याला पुन्हा सावरायला शिकवता येतं. ज्यांचा पाय अजून एकदाही मुरगळलेला नाही, त्यांनाही हे शिक्षण उपयोगी पडतं. त्याला जिमची फी लागत नाही आणि वेगळा वेळही फारसा लागत नाही.

घोट्याच्या आत नेमकं होतं काय?

आता जिथे बसला आहात तिथेच एक करून बघा. एका पायाच्या घोट्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक हाडाचा उंचवटा लागेल. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा थोडा खाली उतरलेला आहे, हे बोटांना लगेच जाणवेल. दाराला जसा अडसर असतो, तसं हे बाहेरचं हाड पावलाला बाहेरच्या दिशेने वळू देत नाही. आतल्या बाजूचा अडसर मात्र आखूड आहे. त्यामुळे तोल गेला की पाऊल बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळतं, सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात.

हे बंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या, म्हणजेच अस्थिबंध. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. आतल्या बाजूची लिगामेंट रुंद आणि भक्कम असते. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यातली पुढची सगळ्यात कमजोर. पाय मुरगळला की बहुतेकदा पहिला बळी तिचाच जातो. ती नुसती ताणली गेली तर सौम्य लचक, थोडी फाटली तर मध्यम आणि पूर्ण तुटली तर गंभीर. बाहेरून मात्र तिन्हींत सूज दिसते आणि तिन्हींना आपण एकच नाव देतो, 'मुरगळलाय'.

आणखी एक गंमत आहे. घोट्याच्या खाचेत बसणारं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल जमिनीवर सपाट असतं किंवा बोटं वर उचललेली असतात, तेव्हा हाडाचा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. बोटं खाली झुकली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांध्यात सैलपणा येतो. आता आठवून बघा, बोटं खाली झुकलेली कधी असतात? जिना उतरताना. हाय हील्समध्ये. माळ्यावरचा डबा काढायला टाचा उचलून उभं राहिल्यावर. पाय नेमके अशाच वेळी का दगा देतात, हे यातून कळतं.

पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. या बंधांमध्ये आणि भोवतीच्या स्नायूंमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाऊल कुठे आहे, किती कललंय, ही खबर ते सतत पाठवत असतात. पाऊल वाकडं पडलं की ती खबर मिळते आणि पोटरीच्या बाहेरच्या कडेचे स्नायू आवळून पाऊल सरळ करतात. तुमचा पाय रोज कितीतरी वेळा मुरगळता मुरगळता वाचतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, तो या यंत्रणेमुळे. बंध फाटतात तेव्हा ही खबर देणारी तारही दुखावते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण खबर उशिरा पोहोचत राहते. पुढच्या खड्ड्यात पाऊल वळतं, स्नायू एक क्षण उशिरा जागे होतात आणि पाय पुन्हा मुरगळतो.

म्हणजे पाय नुसता 'बरा' होऊन भागत नाही, त्याची ही सवय परत आणावी लागते. आपल्याकडे क्रेप बँडेज सगळ्यांना माहीत असतं, हा भाग मात्र कोणी सांगत नाही.

दात घासता घासता होणारा व्यायाम

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे एका पायावर उभं राहणं. हसू नका, आधी करून बघा.

ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षं वयाच्या १,७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. तीनदा प्रयत्न करायची मुभा होती. तरीही साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही, आणि ७१ ते ७५ या वयोगटात तर निम्म्याहून जास्त लोकांना. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोल हा वयाबरोबर हातातून निसटत जातो आणि आपण कधी तपासत नाही म्हणून ते कळतही नाही.

सुरुवात बेसिनपाशी करा. सकाळी दात घासताना एक हात बेसिनच्या कडेवर ठेवा, एक पाय किंचित उचला आणि ज्या पायावर उभे आहात त्याचा गुडघा अगदी थोडा वाकवा. ताठ गुडघ्यावर उभं राहिलात तर घोट्याला कामच उरत नाही. तीस सेकंद झाले की पाय बदला. घोटा आतल्या आत थरथरतोय, डावी-उजवीकडे सावरतोय असं वाटेल. थरथर झाली म्हणून थांबू नका, तोच तर व्यायाम आहे.

आठवडाभरात हे सोपं वाटायला लागलं की हात सोडा, पण बेसिन हाताच्या अंतरावर असू द्या. मग मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा. त्यानंतर पायाखाली गोधडीची जाड घडी घ्या. मऊ जमिनीवर घोट्याला दुप्पट मेहनत करावी लागते. आणि शेवटी डोळे मिटा. डोळे मिटल्यावर भलेभले डगमगतात, कारण तोपर्यंत आपण नजरेच्या आधाराने तोल सांभाळत असतो. डोळे मिटायची पायरी घरातल्या ज्येष्ठांनी केली नाही तरी चालेल. त्यांनी एक हात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवूनच हा व्यायाम करावा आणि शेजारी कोणीतरी असावं. गॅसवर काही तापत असताना मात्र ओट्यापाशी हा प्रयोग कोणीच करायचा नाही.

असल्या साध्या व्यायामाने खरंच फरक पडतो का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. नेदरलँड्समध्ये नुकताच पाय मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले, पण निम्म्यांना त्याशिवाय आठ आठवडे घरच्या घरी करायचे तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. पुढच्या वर्षभरात ज्यांना व्यायाम दिला नव्हता त्यांच्यातल्या ३३ टक्के जणांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम दिलेल्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होतं. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सगळे खेळाडू होते, आपण नाही, हे मान्य. पण त्यांनी हे व्यायाम घरीच, कोणी डोक्यावर उभं नसताना केले होते, आणि म्हणूनच ते आपल्याही आवाक्यातले आहेत.

तोलाच्या जोडीला ताकदही हवी. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून दोन्ही टाचा हळू उचला, दोन सेकंद थांबा, त्याहूनही हळू खाली आणा. असं पंधरा वेळा. पटापट वर-खाली करण्यात काही अर्थ नाही, खाली येतानाचा संथपणा महत्त्वाचा. घोट्याच्या बाहेरच्या कडेच्या स्नायूंसाठी खुर्चीत बसा, पावलाची बाहेरची बाजू भिंतीला टेकवा आणि पाऊल न हलवता भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाब द्या. पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, असं दहा वेळा. टीव्ही बघताना सहज होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे लवचिकपणा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचं बरंचसं काम उकिडवं बसून व्हायचं. भाजी चिरणं, भांडी घासणं, अंगण सारवणं, सगळं. त्यात घोटा पूर्ण वाकायचा. आता ओटा उभ्याचा, टेबल-खुर्ची, कमोड, ऑफिसमध्ये आठ तास बसणं. घोट्याला पूर्ण वाकायची संधीच मिळत नाही. तुमचा घोटा किती वाकतो हे तपासायला भिंतीसमोर उभे राहा. अंगठा भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकत नसेल तर पोटऱ्या आखडलेल्या आहेत. रोज भिंतीला हात लावून, एक पाय मागे घेऊन, टाच जमिनीवर ठेवून अर्धा मिनिट ताण द्या. गुडघे दुखत नसतील तर उकिडवं बसायची सवयही पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही.

लहान मुलांना व्यायाम म्हणून सांगितलं तर ती ऐकणार नाहीत. त्यांना लंगडी खेळू द्या! एका पायावर उड्या मारत पळणं, दिशा बदलणं, थांबणं, यापेक्षा चांगला तोलाचा व्यायाम कुठल्या फिजिओथेरपिस्टलाही सुचणार नाही. इंदूर, बडोदा, बंगळुरू, दिल्ली, कुठेही राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलांना हा खेळ माहीत असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चपलांचं काय?

घरातल्या सगळ्या चपला-बूट एकदा उलटे करून बघा. बहुतेकांची टाच एकाच बाजूने झिजलेली असते. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर तुम्ही उभे असतानाच पाऊल थोडं बाहेर कललेलं असतं, म्हणजे मुरगळायची अर्धी तयारी झालेली असते. तळ गुळगुळीत झालेली रबरी स्लीपर पावसाळ्यात जास्तच धोक्याची. "घरात वापरायला आहे," म्हणून आपण ती वर्षानुवर्षं टाकत नाही आणि नेमकी तीच घालून ओल्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जातो.

मागे पट्टा नसलेल्या चपलेत पाऊल आत-बाहेर सरकत राहतं आणि बोटं तिला धरून ठेवण्यात गुंततात. रोज खूप चालणं असेल, बस-लोकलची धावपळ असेल तर मागून बांधलेली सँडल किंवा बूटच बरे. बूट घेताना टाचेच्या मागचा भाग बोटांनी दाबून बघा, तो सहज दबला जात नाही ना. आणि बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभराच्या वापराने पावलं तेव्हा थोडी फुगलेली असतात.

हाय हील्स घालू नका असं मी म्हणणार नाही, म्हणून उपयोगही नाही. पण बारीक टाचेपेक्षा रुंद टाच निवडा. लॉनवर लग्न असेल तर पत्रिकेतला पत्ता वाचतानाच पादत्राणं ठरवा, कारण ओल्या गवतात पेन्सिल हील अर्धा इंच रुतते आणि तुम्ही पुढे जाता, पाय मागे राहतो. हील्स पहिल्यांदाच लग्नात घालू नका, आठवडाभर आधी घरात घालून फिरा. स्टेजच्या पायऱ्या, गालिच्याखालून गेलेल्या वायरी, पायात येणारा लेहंग्याचा घेर आणि त्यात फोटोग्राफरची घाई, हे सगळं एका वेळी असतं. अशा वेळी सरळ कोणाचा तरी हात धरावा.

घरात आणि रस्त्यावर

जिन्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेकदा घात करते ती शेवटची पायरी. जिना संपला असं समजून पाऊल सपाट जमिनीसाठी टाकलं जातं आणि खाली असते आणखी एक पायरी. मोबाइलमध्ये डोकं असेल तर हे हमखास होतं. तुमच्या इमारतीत जिन्याचा बल्ब गेला असेल तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगची वाट बघू नका. शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायला फार खर्च येत नाही.

कपड्यांची बादली, गव्हाचा डबा किंवा कडेवरचं बाळ घेऊन जिना उतरताना आपल्याला आपली पावलंच दिसत नाहीत. बादली एका हातात धरून दुसरा हात कठड्यावर ठेवता येईल एवढीच भरा. दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

बस, रिक्षा, स्कूटर यातून उतरताना आधी खाली बघायची सवय लावा. स्कूटर थांबवताना पाय टेकवायची जागा रस्त्याच्या कडेला असते आणि कडेचा भाग बरेचदा खाली गेलेला असतो. साडी नेसून मागे एका बाजूला बसणाऱ्यांनी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरूच नये, मागून कितीही हॉर्न वाजू देत. पावसाच्या साचलेल्या पाण्यात पाऊल टाकावंच लागलं तर ते अलगद, तळ चाचपून टाका.

गरोदर स्त्रियांनी थोडी जास्त काळजी घ्यावी. या काळात सांध्यांभोवतीचे बंध काहीसे सैल होतात आणि वाढलेल्या पोटामुळे तोलही पुढे सरकतो. मधुमेह बरीच वर्षं असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. खाली खडा आहे हे पायाला कळतच नाही. अशांनी घरातही चांगली पकड असलेली चप्पल घालावी आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर लहान दिवा ठेवावा.

ट्रेकला जाणाऱ्या मुलामुलींनो, गड चढताना दम लागतो म्हणून चढण अवघड वाटते, पण पाय मुरगळतात ते उतरताना. मांड्या-पोटऱ्या थकलेल्या असतात, खाली घसारा असतो आणि मन बसमधल्या जागेवर पोहोचलेलं असतं. उतरायला सुरुवात करण्याआधी दहा मिनिटं बसा, बुटाच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधा आणि लहान पावलं टाका.

तरीही मुरगळलाच तर?

१९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात झालेला विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना आठवतो? स्वतःच्याच गोलंदाजीवर पायाने चेंडू अडवायला गेलेल्या हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला. त्याने जेमतेम तीन चेंडू टाकले होते, उरलेलं षटक विराट कोहलीने पूर्ण केलं. देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असूनही पंड्या त्या स्पर्धेत पुन्हा खेळू शकला नाही. आणि आपल्या घरातल्या आईने पाय मुरगळल्यावर तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभं राहावं, अशी आपली अपेक्षा असते.

हे मला जरा जास्तच खटकतं. घरातल्या बाईचा पाय सुजला की सगळे तिला "आराम कर" म्हणतात. म्हणतात फक्त. सकाळचा डबा, दुपारचं जेवण, पाहुण्यांचा चहा तसाच चालू राहतो आणि ती बँडेज बांधून लंगडत ओट्यापाशी उभी असते. तिचा घोटा अर्धवट बरा होतो आणि पुढची दहा वर्षं "माझा हा पाय असाच आहे" म्हणत ती जगते. म्हणून पाय मुरगळल्यावरचा पहिला उपचार घरच्यांनी करायचा आहे. निदान पहिले तीन-चार दिवस स्वयंपाकघर दुसऱ्या कोणीतरी हातात घ्यायचं.

बाकी प्राथमिक उपचार सोपे आहेत. पाय लगेच उचलून दोन उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका, दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट त्वचेवर नको, आणि पायाची संवेदना कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर बांधत आणा. बोटं थंड, निळसर किंवा बधिर वाटली तर ते घट्ट झालंय, लगेच सैल करा.

आता जे करायचं नाही ते. आपल्याकडे पाय मुरगळला की कोणीतरी तेल गरम करायला घेतं, कोणीतरी ओळखीच्या मालीशवाल्याला बोलावतं आणि तो घोट्याला झटका देऊन 'नस बसवतो'. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत बारीक रक्तस्राव चालू असतो. गरम शेक आणि जोरदार चोळण्याने तो वाढतो, सूजही वाढते. झटक्याने तर अर्धा फाटलेला बंध पूर्ण फाटू शकतो, आणि आत हाड मोडलेलं असेल तर विचारायलाच नको. आंबेहळदीच्या लेपावर माझा राग नाही. त्वचा फुटलेली नसेल तर थंड लेप लावा, आजीलाही बरं वाटेल. पण लेप लावला म्हणून एक्स-रे टाळू नका.

एक्स-रे कधी काढायचा, याचे साधे नियम कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले आणि आज जगभर ते वापरले जातात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यात पोहोचल्यावरही चार पावलं स्वतःच्या पायावर टाकता येत नसतील, अगदी लंगडतसुद्धा, तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालून साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल तरीही हवा. मऊ भागावर दुखणं वेगळं आणि हाडावर बोट ठेवल्यावर कळ येणं वेगळं. पाऊल वेडंवाकडं दिसत असेल किंवा बधिर झालं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. मुलांच्या बाबतीत जास्त सावध राहा, त्यांच्या हाडांची वाढ होणारी टोकं बंधांपेक्षा नाजूक असतात. हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांनाही डॉक्टरांना दाखवलेलंच बरं.

पुन्हा धावायला कधी लागायचं?

हाड शाबूत आहे हे कळल्यावर पाय महिनाभर उशीवर ठेवून बसणंही चुकीचंच. सौम्य लचक असेल तर दोन-तीन दिवसांनी, दुखणार नाही इतपत, घोटा हलवायला सुरुवात करा. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढा. 'क'पासून 'कः'पर्यंत गेलात तरी घोटा सगळ्या दिशांना फिरून होतो. लहान मुलं घरात असतील तर त्यांना ओळखायला सांगा, कोणतं अक्षर काढलं ते. मग हळूहळू वजन टाकत चालणं, मग बेसिनपाशी एका पायावर उभं राहणं.

सौम्य लचक एक ते तीन आठवड्यांत निवळते, मध्यम असेल तर तीन ते सहा आठवडे आणि बंध पूर्ण तुटला असेल तर काही महिने लागतात. पण आत बंधांची डागडुजी त्यानंतरही चालू असते. म्हणून कॅलेंडर बघून नाही, घोटा बघून ठरवा. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकाच वेळ उभं राहता येतं का? एका पायावर टाच तितक्याच वेळा उचलता येते का? जागच्या जागी दहा लंगड्या उड्या न दुखता, न डगमगता मारता येतात का? तिन्हींचं उत्तर हो आलं की बॅडमिंटनची रॅकेट काढा. सहा आठवड्यांनंतरही पाय दगा देतोय असं वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. खेळायला परतताना पहिले काही महिने नाड्या बांधायचा किंवा पट्ट्यांचा घोट्याचा सपोर्ट वापरणं चांगलं, आधी पाय मुरगळलेल्या खेळाडूंना त्याचा फायदा होतो. मेडिकल दुकानात मिळणारा मोज्यासारखा ताणला जाणारा अँकलेट उबदार असतो, पण पाऊल वळण्यापासून फारसं थांबवत नाही.

आणि यंदा गरब्यात खुर्चीवर बसायचं नसेल तर नवरात्राच्या आदल्या दिवशी नवी मोजडी घेऊन काही होणार नाही. तोल अंगात मुरायला आठ आठवडे धरा. म्हणजे नवरात्राच्या तारखेपासून दोन महिने मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी दात घासताना एक पाय उचला.